गाडीत बदल करताय? आधी आरसी बुक उघडा!



चौथीच्या वर्गात वाहतुकीचा विषय चालू होता. मुलांना सांगितलं, आपल्या घरच्या किंवा ओळखीच्या गाडीचं चित्र काढा. एका मुलाने जीप काढली. चाकं गाडीपेक्षा मोठी, पुढे लोखंडी दांड्यांचा जाडजूड बंपर, टपावर ओळीने सहा दिवे आणि काचा पेन्सिलने पूर्ण काळ्या केलेल्या. मी म्हटलं, "अरे वा, छान काढलीस!" तर तो खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, ही गाडी आता घरी नाही. ती आरटीओवाल्यांनी धरली. पप्पा म्हणतात, गाडी आपली, पैसे आपले, मग ह्यांना काय करायचंय?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. पैसे आपले, गाडी आपली, मग सरकारला काय करायचंय? मुलाला तेव्हा मी दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण माझंच समाधान झालं नाही. घरी आल्यावर कायदा उघडून वाचला. वाचताना कळलं की आमच्या स्वतःच्या गाडीतही एक चूक होती! ती गोष्ट पुढे सांगतेच. आज आपण हा विषय धड्यासारखा, पायरी पायरीने समजून घेऊया. गाडी असलेल्यांनी वाचाच, आणि ज्यांची मुलं व्हॅनने शाळेत जातात त्यांनी तर नक्कीच वाचा.

१. प्रत्येक गाडी दोन ठिकाणी असते

एक गाडी आपल्या दारात उभी असते. दुसरी असते कागदावर, म्हणजे आरसी बुकात. आता बुक राहिलं नाही, कार्ड आलं किंवा मोबाईलमध्ये डिजिलॉकर आलं, पण तोंडात नाव तेच आहे.

आरसीवर काय काय लिहिलेलं असतं ते कधी निवांत वाचलंय का? गाडीचा प्रकार, कंपनी, मॉडेल, चॅसी नंबर, इंजिन नंबर, इंधन, आसनक्षमता म्हणजे किती जण बसू शकतात, रिकाम्या गाडीचं वजन, इंजिनाची क्षमता आणि रंग. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जशी मुलाची नोंद असते तशीच ही नोंद. रजिस्टरमधलं नाव एक आणि वर्गात बसलेला मुलगा दुसराच, असं चालेल का? नाही. तसंच कागदावरची गाडी आणि दारातली गाडी एकच असली पाहिजे. या सगळ्या विषयाचं मूळ एवढंच आहे. बाकी सगळे नियम याच्या फांद्या आहेत.

२. कायदा नेमकं काय म्हणतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधलं कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. त्याचा सोप्या मराठीत अर्थ असा: कंपनीने गाडी बनवताना जी मूळ वैशिष्ट्यं ठरवली, त्यांच्याशी आरसीमधला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करू नये.

मग गाडीला सीटकव्हर घातलं तरी गुन्हा का? नाही हो! याच कलमात 'बदल' या शब्दाचा अर्थही दिला आहे. गाडीच्या रचनेत असा फरक करणं, ज्यामुळे तिचं मूलभूत स्वरूप बदलतं, तो बदल. सीटकव्हर, पायपुसणी, गाणी ऐकायचा टेप, मोबाईल लावायचा स्टँड यांनी गाडीचं मूलभूत स्वरूप बदलत नाही.

याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा ९ जानेवारी २०१९ चा एक महत्त्वाचा निकाल आहे. प्रकरण केरळचं होतं. न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही, आणि राज्याचा एखादा नियम वेगळं सांगत असेल तरी कलम ५२ च वरचढ राहील. मात्र आरसीवरचे इतर तपशील रीतसर नोंद करून बदलता येतात, हेही त्यात स्पष्ट झालं.

म्हणजे बदलांचे तीन गट पडतात. वहीत तीन रकाने आखून ठेवा.

पहिला गट: विचारायची गरज नाही. गाडीच्या रचनेला धक्का न लावणाऱ्या सोयीच्या वस्तू.

दुसरा गट: करता येतो, पण नोंद हवी. रंग बदलणं, जुनं इंजिन खराब झालं म्हणून दुसरं बसवणं, सीएनजी किंवा एलपीजीचं मान्यताप्राप्त किट बसवणं, दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत सोय करणं. मान्यता न घेता असा बदल झाला असेल किंवा इंजिन बदललं असेल, तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीत नोंद करून घ्यावी लागते. यासाठी 'परिवहन' संकेतस्थळावर वाहनातील बदलाचा अर्ज करता येतो.

तिसरा गट: नाही म्हणजे नाहीच. चॅसी कापून लांब-आखूड करणं, आसनं वाढवणं, टप कापून गाडी उघडी करणं, सायलेन्सरचा आवाज वाढवणं, नंबर प्लेटशी खेळणं.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. गाडी कर्जावर असेल, तर कर्ज देणाऱ्या बँकेची किंवा कंपनीची लेखी संमती घेतल्याशिवाय नोंद लागणारा बदलही करता येत नाही. हप्ते फिटेपर्यंत गाडी पूर्णपणे आपली नसते, हे लक्षात ठेवा.

३. नेहमीचे सात बदल आणि त्यामागचं 'का'

नियम पाठ करून उपयोग नाही. 'का' कळलं की नियम आपोआप लक्षात राहतो. मुलांना शिकवताना मला हे रोज अनुभवायला येतं.

सायलेन्सर. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सांगतो की प्रत्येक गाडीला आवाज शक्य तेवढा कमी करणारं साधन हवं. सायलेन्सर म्हणजे शांत करणारा. त्याच्या आतले कप्पे काढून टाकले की तो फक्त नळा उरतो. बुलेटचे असे फटाके फोडणारे सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पेपरात पाहिले असतीलच. आमच्या शाळेसमोरून अशी बुलेट गेली की पहिलीची मुलं कानांवर हात ठेवतात आणि मला फळ्यासमोर बोलणं थांबवावं लागतं. हॉर्नचंही तसंच. नियम ११९ प्रमाणे वेगवेगळ्या सुरांचे, कर्कश किंवा दचकवणारे हॉर्न चालत नाहीत.

काळ्या काचा. नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म चिकटवायला बंदी घातली. नंतर नियमाच्या शब्दांत बदल झाला, आणि मानकात बसणाऱ्या फिल्मबद्दल केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये गाडीमालकांच्या बाजूने निकालही दिला. पण ७० आणि ५० हे आकडे कुठेही हललेले नाहीत. बाजारात मिळणारी गडद काळी फिल्म या आकड्यांत बसत नाही. कारण साधं आहे, रात्री आतून बाहेरचं दिसलं पाहिजे आणि गुन्हा घडत असेल तर बाहेरून आतलं दिसलं पाहिजे.

हेडलाईटचे बल्ब. इथे थोडं विज्ञान करूया. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. साधा बल्ब ६० वॅटचा. ६० ला १२ ने भागा, म्हणजे वायरमधून ५ अँपिअर प्रवाह वाहतो. आता कुणीतरी १०० वॅटचा बल्ब लावला. १०० भागिले १२ म्हणजे सुमारे ८.३ अँपिअर. वायर मात्र तीच जुनी. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे उष्णता जवळजवळ पावणेतीन पट! होल्डर वितळतो, वायर जळते. शिवाय समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. दिव्याचा झोत समोरच्याला दिपवणारा नसावा, असा नियमच आहे.

मोठे टायर. आता गणित. मूळ चाकाचा व्यास ६२ सेंमी आहे असं धरा. एका फेरीत गाडी ३.१४ × ६२ म्हणजे सुमारे १९५ सेंमी पुढे जाते. त्याजागी ६७ सेंमीचं चाक बसवलं तर एका फेरीत सुमारे २१० सेंमी. स्पीडोमीटर बिचारा फेऱ्या मोजतो, त्याला चाक बदलल्याचं कुणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ८६ च्या पुढे धावत असते. उंची वाढल्याने वळणावर गाडी कलंडायची भीती वाढते आणि ब्रेकवर जास्तीचा ताण येतो. टायरची नक्षीही बघा. चारचाकीत ती किमान १.६ मिलीमीटर आणि दुचाकीत ०.८ मिलीमीटर खोल असायला हवी.

लोखंडी बंपर. याला कुणी बुलबार म्हणतं, कुणी क्रॅशगार्ड. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं. गाडीचा पुढचा भाग धडक बसल्यावर चेपावा असाच बनवलेला असतो. तो चेपतो म्हणून धक्का आपल्यापर्यंत कमी पोहोचतो. लोखंडी गार्ड लावलं की धक्का थेट चॅसीला बसतो, आणि एअरबॅग वेळेवर न उघडण्याची शक्यता निर्माण होते. समोर पायी चालणारा माणूस असेल तर त्याच्यासाठी तो गार्ड म्हणजे पहारच.

नंबर प्लेट. ४१४१ चं 'दादा' करणं आणि २१४ चं 'राम' करणं ही आपल्याकडची खास कला! पण नियम ५० प्रमाणे नंबर ठरलेल्या आकाराच्या इंग्रजी अक्षरांत आणि साध्या इंग्रजी आकड्यांतच हवा. मराठीवर माझं प्रेम कुणापेक्षा कमी नाही, रोज मराठीच शिकवते. पण अपघात करून पळालेल्या गाडीचा नंबर कॅमेऱ्याने आणि परराज्यातल्या माणसानेही वाचला पाहिजे. १ एप्रिल २०१९ पासून नवीन गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट कंपनीकडूनच येते. तिच्यावर होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो, आणि तिचं लॉक एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही.

रंग. आरसीवर 'पांढरा' आणि दारात काळी गाडी, असं चालत नाही. रंग बदलायला बंदी नाही, नोंद मात्र करून घ्या. अर्ज करा, गाडी दाखवा, आरसीत रंग बदलून घ्या.

४. आमच्या गाडीची गोष्ट

आता माझी कबुली. काही वर्षांपूर्वी आम्ही जुनी गाडी घेतली. विकणारा म्हणाला, "मॅडम, सीएनजी किट बसवलेलं आहे, रोजच्या जाण्यायेण्याला परवडेल." शाळा घरापासून लांब, त्यामुळे आम्ही खूश! दोन वर्षं गाडी चालवली. कुणी अडवलं नाही, कुणी विचारलं नाही.

विम्याचं नूतनीकरण करताना एजंटने विचारलं, "किटची नोंद आरसीत आहे ना?" आरसी काढून बघितली तर इंधनाच्या रकान्यात फक्त 'पेट्रोल'. किटचा कागद कुठाय? विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "माझ्याही आधीच्या मालकाने बसवलं होतं." बसवणारं गॅरेज कोणतं, किट त्या मॉडेलला मान्य होतं का, काहीच कळेना. सिलिंडरवरची तपासणीची पट्टीही गंजून गेलेली.

सीएनजी साधारण २०० बार दाबाने भरलेला असतो. घरच्या प्रेशर कुकरमधल्या दाबाशी तुलनाच नको. म्हणून या सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. आम्ही दोन वर्षं आमच्या लेकीला त्या सिलिंडरच्या पुढच्या सीटवर बसवून फिरवत होतो. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगते.

शेवटी किट काढून टाकलं आणि पैसे गेले. पण मित्रांनो, रीतसर मार्ग होता आणि तो फार अवघड नव्हता:

- आपल्या गाडीच्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलं किट निवडणं
- अधिकृत केंद्रातच ते बसवून त्याचं प्रमाणपत्र घेणं
- आरटीओत गाडी दाखवून इंधनाच्या रकान्यात सीएनजीची नोंद करणं
- विमा कंपनीला कळवून पॉलिसीत किटची भर घालणं (याला आयएमटी २५ म्हणतात)
- दर तीन वर्षांनी सिलिंडरची तपासणी करून घेणं

जुनी गाडी घेताना इंजिन, टायर, रंग सगळं बघतो आपण. आरसीचा एक एक रकाना आणि समोरची गाडी जुळवून बघत नाही. पाच मिनिटांचं काम आहे ते.

५. तपासणी कधी होते आणि कोण करतं?

आपल्याकडे गावोगावी 'पासिंग' हा शब्द चालतो. पण पासिंग एकाच प्रकारची नसते.

खासगी गाडी: नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी आरटीओत दाखवून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठीचा अर्ज २५ नंबरच्या फॉर्मवर असतो. गंमत बघा, १५ वर्षं कुणी न बघितलेला बदल त्या दिवशी निरीक्षकासमोर उभा राहतो. मग ऐनवेळी मूळ पार्ट शोधायला भंगारबाजारात धावपळ!

प्रवासी आणि मालवाहू गाडी: हिला फिटनेस प्रमाणपत्र लागतं. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांनी, त्यापेक्षा जुन्या गाडीला दरवर्षी. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, टायर, हॉर्न, सायलेन्सर, वायपर असं सगळं बघतात. ब्रेकच्या चाचणीसाठी २५० मीटरचा ट्रॅक असावा, हा विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आता माणसाच्या नजरेऐवजी यंत्राने तपासणी करणारी स्वयंचलित केंद्रं येत आहेत. आपल्या राज्यात नाशिकला असं केंद्र आहे. यंत्र ओळखपाळख बघत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

पीयूसी: नवीन गाडीला पहिलं वर्ष लागत नाही. नंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षातून एकदा, त्याहून जुन्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी.

रस्त्यावरची तपासणी: ही कधीही होऊ शकते. वाहतूक पोलीस किंवा आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक गणवेशात असताना कागद मागू शकतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद चालतात. कागदांचा झेरॉक्स दाखवून वाद घालण्यापेक्षा ते बरं.

६. पकडलं तर काय होतं?

२०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि दंड वाढले. थोडक्यात असं:

- परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला, कलम १८२अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा. चार बदल म्हणजे हिशोब चारदा.
- नियमबाह्य बदल केलेली गाडी विकणाऱ्या किंवा तसा बदल करून देणाऱ्या उत्पादकाला आणि विक्रेत्याला, एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही.
- सुरक्षा, आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडणाऱ्याला, कलम १९० नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र.

हे झाले कायद्यातले आकडे. रस्त्यावर तडजोड करून भरायची रक्कम राज्य सरकार वेगळी ठरवतं, म्हणून ई-चलनावरचा आकडा याहून वेगळा दिसू शकतो.

दंडापेक्षा जड शिक्षा म्हणजे कलम ५३. गाडी रस्त्यावर धोकादायक आहे असं वाटलं तर नोंदणी अधिकारी आरसी निलंबित करू शकतात. सहा महिने सलग निलंबन राहिलं तर नोंदणी रद्दही होऊ शकते. पण इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे: निलंबनाआधी मालकाला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. हा आपला हक्क आहे. नोटीस आली तर घाबरून एजंटकडे धावू नका. नोटीस वाचा, कोणत्या कलमाखाली आहे ते बघा, बदल काढून मूळ पार्ट बसवा, फोटो आणि बिलं जोडून लेखी उत्तर द्या, पोच घ्या.

आणि विमा? गाडीतला बदल विमा कंपनीपासून लपवला असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. अपघातात दुसऱ्याला भरपाई द्यावी लागली तर काही प्रकरणांत कंपनी ती रक्कम त्याला देते आणि नंतर मालकाकडून वसूल करते. म्हणजे वीस हजारांचा शौक आणि वीस लाखांचा बोजा.

७. शाळेच्या दारातली गाडी

आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसले ते सांगते.

एके दिवशी फाटकाशी उभी होते. एक व्हॅन आली. मुलं उतरू लागली, मी सवयीने मोजू लागले. सात, आठ, नऊ... चौदा! आत डोकावले तर मूळची मागची सीट काढून दोन लाकडी बाकडी समोरासमोर बसवलेली, आणि एका बाकड्याखाली घरगुती गॅसची लाल टाकी. त्याच बाकड्यावर आमची दुसरीची मुलं बसून आली होती.

मी चालक काकांना म्हटलं, "काका, आरसी बघू." ते वैतागून म्हणाले, "मॅडम, पेट्रोल परवडत नाही. कमी पोरं घेतली तर भाडं दुप्पट होईल. पालकांना विचारा, देणार का?"

काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण आता आपण शिकलेला धडा लावून बघा. आरसीवर आसनक्षमता आठ, बसली चौदा. इंधन पेट्रोल, चालते घरगुती गॅसवर, आणि घरगुती गॅस गाडीत भरणं हाच मुळात गुन्हा आहे. मूळ सीट काढली म्हणजे रचना बदलली. कागदावरची गाडी आणि फाटकावरची गाडी यांचा एकमेकींशी काही संबंधच उरला नव्हता.

महाराष्ट्रात शाळेच्या बसगाड्यांसाठी २०११ चे नियम आहेत. त्यानुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात, आणि पालक, वाहतूक पोलीस व आरटीओ यांचे प्रतिनिधीही तिच्यात असतात. आमच्याकडे ही समिती फाईलमध्ये होती. ती आम्ही बैठकीला बसवली.

बैठक सोपी झाली नाही. एक आई म्हणाली, "मॅडम, मी सकाळी सातला शेतावर जाते, व्हॅन बंद केली तर पोराला कोण आणणार?" दुसरे पालक म्हणाले, "इतकी वर्षं काही झालं नाही, आत्ताच कसं होईल?" शेवटी ठरलं की ती गॅसची टाकी त्याच दिवशी निघेल, मूळ सीट परत बसेल आणि व्हॅन दोन फेऱ्या करेल. भाडं वाढलं. चार पालकांनी व्हॅन सोडली, त्यांतले दोघे आता तीन मुलांना एकाच मोटारसायकलवर आणतात. तेही चूकच आहे. त्यावर अजून आम्हाला उत्तर सापडलेलं नाही. पण फाटकाशी उभं राहून मोजताना आता आकडा आठच्या पुढे जात नाही, एवढं मात्र झालं.

८. कायदा फक्त 'नाही' म्हणत नाही

जाता जाता एक चांगली बाजू. गाडीतला प्रत्येक बदल वाईट नसतो. दिव्यांग व्यक्तीसाठी स्कूटरला मागे दोन जादा चाकं लावणं, कारमध्ये पायाऐवजी हाताने चालणारा ब्रेक आणि अॅक्सिलरेटर बसवणं, यासाठी कायद्याने खास दार उघडं ठेवलं आहे. अशा गाडीला 'अनुकूलित वाहन' म्हणतात. बदल करून नंतर आरटीओची मान्यता घेण्याची सोयही कलम ५२ मध्ये दिली आहे. ज्या बदलामुळे एखाद्या माणसाला स्वतःच्या जिवावर फिरता येतं, त्या बदलाला कायदा अडवत नाही.

मग त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर काय? गाडी आपली, पैसे आपले, हे खरं. पण रस्ता सगळ्यांचा आहे. दारात उभी आहे तोवर गाडी आपली एकट्याची. ती रस्त्यावर आली की समोरून येणाऱ्याचा, पायी चालणाऱ्याचा आणि मागच्या सीटवर बसलेल्या आपल्याच लेकराचा तिच्याशी संबंध येतो. त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी हेच सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग मॅडम, दिवे काढले तर गाडी परत देतील?" म्हटलं, "पप्पांना सांग, मूळ पार्ट बसवा, दंड भरा आणि लेखी अर्ज द्या." पुढच्या महिन्यात जीप घरी आली. आता तिचं चित्र साधं आहे. काचा मात्र त्याने निळ्या रंगवल्यात, आतली माणसं दिसतील अशा!

स्वाध्याय (पालक आणि मुलांनी मिळून करायचा)

१. घरच्या गाडीची आरसी उघडा. रंग, इंधन, आसनक्षमता आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीशी जुळवून बघा.

२. गाडीला कंपनीने न दिलेल्या वस्तूंची यादी करा आणि ती तीन गटांत विभागा.

३. विमा पॉलिसी आणि पीयूसीची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहा.

४. आपलं मूल ज्या व्हॅनने किंवा रिक्षाने जातं तिची आसनक्षमता विचारा, आणि एक दिवस फाटकाशी उभं राहून मुलं मोजा.

५. गणित: मूळ चाकाचा व्यास ६० सेंमी, नवीन चाकाचा ६६ सेंमी. स्पीडोमीटर ५० दाखवत असेल तर गाडीचा खरा वेग किती?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर मुलांना काढू द्या, तुम्ही फक्त तपासा. आणि चौथा प्रश्न उद्याच सोडवा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.